ऑलेक्स२ सहा वर्षं वापरल्यावर: सॉफ्टवेअर झकास, पण त्या हिरव्या आकड्याला भुलू नका

परवा रात्री साडेअकराला एका ज्युनियरचा मेसेज आला, ताई स्ट्रक्चर सॉल्व्ह झालं, आर वन ३.९ आलाय, सगळे चौकोन हिरवे आहेत, उद्या सरांना दाखवू ना? (आर वन म्हणजे आपलं मॉडेल मोजलेल्या डेटापासून किती टक्के हुकलंय तो आकडा, जितका कमी तितका बरा.) सोबत स्क्रीनशॉट, आणि त्यात खरंच सगळं हिरवंगार, वटपौर्णिमेच्या साडीसारखं. मी म्हटलं स्क्रीनशॉट नको बाई, फाइल पाठव. फाइल उघडली आणि पहिल्या दहा सेकंदात दिसलं की एका नायट्रोजनच्या जागी कार्बन बसलाय आणि त्या बिचाऱ्या कार्बनचा एलिप्सॉइड (पडद्यावर अणू ज्या लंबगोलाने दाखवतात तो) आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा निम्मा झालाय. तेव्हाच ठरवलं की ह्या सॉफ्टवेअरवर एकदा नीट लिहायचं, कारण मराठीत ह्याबद्दल मला तरी कुठे काही वाचायला मिळालं नाही आणि दर वर्षी नवीन आलेल्या पोरापोरींना मी तेच तेच तोंडी सांगत बसते.

आधी जे ह्या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी दोन मिनिटं. आम्ही लोक नवीन पदार्थ बनवतो, त्याचे छोटे छोटे स्फटिक वाढवतो (छोटे म्हणजे खसखशीच्या दाण्याहून लहान, ०.२ मिमी मिळाला तरी पेढे वाटायचे), तो स्फटिक तेलाच्या थेंबात बुडवून एका बारीक लूपवर उचलायचा, एक्सरे मशीनमधे १०० केल्विनच्या थंडगार नायट्रोजनच्या झोतात धरायचा आणि चहूबाजूंनी एक्सरे मारायचे. पडद्यावर हजारो ठिपके येतात. त्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून आत कुठला अणू कुठे बसलाय ते काढायचं. ठिपक्यांपासून अणूंपर्यंतचा जो प्रवास आहे ना, तो ऑलेक्स२ मधे होतो. म्हणजे हे मशीन नाही, मशीनच्या पुढचं टेबल आहे, आणि खरं सांगायचं तर पीएचडीची अर्धी वर्षं ह्या टेबलावरच जातात.

माझं गाव तासगावकडचं, घरी द्राक्षबाग. आमच्या अण्णांना मी काय करते ते कधीच नीट सांगता यायचं नाही, मग एकदा सांगितलं की अण्णा, बोर्डोच्या फवाऱ्याला तुम्ही जो मोरचूद भिजवता ना, जगात पहिल्यांदा एक्सरेने ज्या स्फटिकाचा असा फोटो काढला तो मोरचुदाचाच होता. १९१२ साली म्युनिकमधे, माक्स फॉन लाउएच्या डोक्यातली कल्पना आणि फ्रीड्रिश आणि क्निपिंग ह्या दोघांनी केलेला प्रयोग. लाउएला १९१४ चं नोबेल मिळालं. अण्णा म्हणाले, "म्हंजे आमच्या मोरचुदाला नोबेल?" मी म्हटलं मोरचुदाला नाही, साहेबाला. "साहेबालाच मिळतंय," म्हणाले आणि पंप पाठीला लावून गेले. आता गंमत अशी की मोरचूद हा सुरुवात करायला अगदी वाईट स्फटिक होता, त्याची सिमेट्री सगळ्यात खालची, ट्रायक्लिनिक, त्यामुळे ठिपके आले पण त्यातून अर्थ काही लागेना. नंतर झिंकब्लेंड हे जस्ताचं खनिज घेतलं तेव्हा सुंदर नक्षी आली. पहिलाच प्रयोग ट्रायक्लिनिकवर, हे वाचल्यापासून माझे घाणेरडे डेटा आले की मला जरा बरं वाटतं.

आता सॉफ्टवेअर. ऑलेक्स२ इंग्लंडमधल्या डरहॅम युनिव्हर्सिटीत ज्युडिथ हॉवर्ड यांच्या ग्रुपमधे तयार झालं, त्यावरचा पेपर २००९ चा आहे, त्याखाली दोलोमानोव्ह, बूरी, गिल्डी, हॉवर्ड आणि पुशमान अशी नावं आहेत आणि आजकाल क्रिस्टल स्ट्रक्चरचे जेवढे पेपर वाचाल त्यातल्या ढीगभर पेपरांत हा संदर्भ दिसतो. फुकट आहे. हो, फुकट, ट्रायल वगैरे भानगड नाही. पण एक लक्षात घ्या, बहुतेक जण ऑलेक्स२ च्या आत जे इंजिन चालवतात ते शेलएक्स असतं, आणि ते वेगळं घ्यावं लागतं, अॅकॅडमिकवाल्यांना रजिस्टर करून तेही फुकट. ऑलेक्सचं स्वतःचं सॉल्व्ह (अणूंच्या जागा पहिल्यांदा काढणं) आणि रिफाइन (मग मॉडेल डेटाशी जुळवत नेणं) पण आहे, शेलएक्स नसलं तरी काम अडत नाही, पण आमच्याकडे सरांचा जीव शेलएक्समधे अडकलेला.

आणि का अडकू नये. जॉर्ज शेल्ड्रिक नावाच्या माणसाने हे लिहायला सुरुवात केली तेव्हा प्रोग्राम पंचकार्डावर असायचे, १९७६ ची आवृत्ती जगभर गेली, आणि आजसुद्धा तुम्ही इनपुट फाइल उघडली की त्यातल्या सूचना चारचार अक्षरांच्या आणि ओळीची लांबी कार्डाच्या हिशोबाने, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या खोक्याचा ठसा अजून तिथे आहे. पुढे जर्मनीत गटिंगेनला बसून त्यांनी हे आयुष्यभर सांभाळलं आणि शास्त्रज्ञांना मोफत वाटलं. २००८ मधे त्यांनी शेलएक्सच्या इतिहासावर एक पेपर लिहिला आणि म्हटलं की प्रोग्राम वापरला तर हा संदर्भ द्या, तर लोकांनी तो इतका दिला की त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा) २ च्या आसपास होता तो एका वर्षात जवळजवळ ५० झाला. एका पेपरमुळे! मग परत खाली आला. इम्पॅक्ट फॅक्टर बघून माणसाची लायकी ठरवणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. शेल्ड्रिक २०२५ मधे गेले, त्या दिवशी आमच्या लॅबमधे सर बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी सुरुवातीला शेलएक्स नोटपॅडमधून चालवायला शिकले, म्हणजे फाइल हाताने बदलायची, काळ्या खिडकीत कमांड मारायची, लिस्ट फाइल उघडायची आणि त्यात आकड्यांच्या रांगा वाचायच्या. कुठल्या अणूचा यू, म्हणजे थरथरण्याचा आकडा, किती, कोण वाजवीपेक्षा जास्त हलतोय, सगळं आकड्यात. अणू दिसायचा नाही, आकडा दिसायचा. त्यानंतर पहिल्यांदा ऑलेक्स२ उघडलं तेव्हा काळ्या पडद्यावर रेणू फिरताना बघून मी अक्षरशः अर्धा तास नुसता फिरवत बसले होते.

इन्स्टॉल केल्यावर त्यात सराव करायला काही नमुना स्ट्रक्चर्स मिळतात, त्यातलं एक सुक्रोज आहे. म्हणजे साखर. नवीन माणसाला मी हेच उघडायला लावते, कारण उत्तर आधीच माहितीये, सी १२ एच २२ ओ ११, चुकलात तर लगेच कळतं. सुट्टीत घरी गेले तेव्हा देवापुढच्या वाटीतली खडीसाखर उचलून अण्णांना दाखवली आणि लॅपटॉपवर आतला रेणू दाखवला, दोन रिंगा, मधे एक ऑक्सिजन. खडीसाखर करणारा दोरा सोडतो आणि पाक हळूहळू थंड करतो, आम्ही व्हायलच्या झाकणाला सुईने भोक पाडून सॉल्व्हंट हळूहळू उडू देतो, धंदा एकच आहे, घाई केली की स्फटिकाचा भुगा होतो. आई म्हणाली मग तुला एवढी वर्षं का लागतात, खडीसाखर तर आठवड्यात होते. ह्याला उत्तर नाही.

सुक्रोजवर अजून एक शिकायला मिळतं जे बरेच जण सोडून देतात. साखरेचा रेणू डावा-उजवा असतो, आरशातली प्रतिमा वेगळी. ऑलेक्स तुम्हाला फ्लॅक पॅरामीटर दाखवतं, तो शून्याच्या जवळ म्हणजे हात बरोबर, एकच्या जवळ म्हणजे उलटा. पण त्याच्या पुढे कंसात जी एरर असते ना, तिच्याकडे बघा! मशीनमधल्या मॉलिब्डेनमच्या नळीतून आलेले एक्सरे आणि रेणूत फक्त कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, म्हणजे त्या आकड्याला काडीची किंमत नसते, कारण हलक्या अणूंचा ह्या बाबतीतला सिग्नल अगदीच क्षीण. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या बेइफूटने १९५१ मधे पहिल्यांदा खरा डावा-उजवा ठरवला तेव्हा मुद्दाम रुबिडियम असलेलं टार्ट्रेट घेतलं होतं, जड अणू पाहिजेच म्हणून. इथे सॉफ्टवेअर आकडा देतं म्हणून आपण छापून मोकळे होतो.

वापरायला कसं आहे? पहिले दोन दिवस त्रास होतो, खोटं कशाला बोलू. सगळ्यात पहिला झटका माउसचा. बाकी सगळीकडे माउसचं चाक फिरवलं की झूम होतं, इथे चाक फिरवलं की क्यू पीक कमी-जास्त होतात, झूमला उजवं बटण दाबून ओढायचं. क्यू पीक म्हणजे जिथे इलेक्ट्रॉन शिल्लक दिसतायत पण अजून कुठला अणू ठरलेला नाही अशा जागा, पडद्यावर तपकिरी गोळ्यांसारख्या येतात. पहिल्या दिवशी झूम करायला जाल आणि रेणूभोवती अचानक गोळ्यांचा सडा पडेल, घाबरू नका, सगळ्यांचं होतं. कंट्रोल क्यू दाबलं की त्या जातात, कंट्रोल एच ने हायड्रोजन लपतात, कंट्रोल आर ने रिफाइन. एवढ्या तीन किल्ल्या आल्या की निम्मं ऑफिस आपलं.

मेनू आहेत, होम वर्क व्ह्यू टूल्स इन्फो असे टॅब, त्यात सॉल्व्ह, रिफाइन, ड्रॉ, रिपोर्ट, सगळं बटणावर. पण माझं मत विचाराल तर ह्याची खरी मजा खालच्या कमांड लाइनमधे आहे. किल लिहून डॉलर क्यू टाकलं की सगळे क्यू साफ. फ्यूज म्हटलं की वाढवलेलं सगळं परत मूळ तुकड्यावर येतं. ग्रो म्हटलं की सिमेट्रीने जे अणू पलीकडे आहेत ते उगवतात. मी पॉलिमरसारखी जाळी होणारी कॉपरची संयुगं करते, तिथे ग्रो करताना जी मजा येते ती सांगून कळणार नाही. मूळ फाइलमधे फक्त एक तांबं, अर्धा लिगँड (धातूला धरून बसणारा रेणू) आणि एक क्लोरीन असतं, दीनवाणं दिसतं, आणि ग्रो मारत गेलं की एकाला एक लागत लागत रांगोळीच्या ठिपक्यांना रेघा जोडाव्यात तशी जाळी पसरत जाते आणि मधे पोकळ्या दिसायला लागतात. ह्याच पोकळ्यांत गॅस भरणार असं आपण सिनॉप्सिसमधे लिहिलेलं असतं. (प्रत्यक्षात त्यात डीएमएफ नावाचं सॉल्व्हंट अडकून बसलेलं असतं आणि ते इतकं अस्ताव्यस्त असतं की शेवटी मास्क लावून इलेक्ट्रॉन मोजून बाजूला काढावं लागतं. ती सोय पण आहे. पण मास्क लावला तर पेपरमधे सांगा, किती इलेक्ट्रॉन काढले आणि ते कशाचे धरले.)

आता येते हिरव्या आकड्यावर. उजवीकडे वर एक पट्टी आहे, तिथे आर वन, गुडनेस ऑफ फिट, सगळ्यात मोठं शिल्लक पीक असे आकडे रंगीत चौकोनात दिसतात, वाईट असेल तर लाल, मग नारिंगी, मग हिरवं. कल्पना छान आहे, एका नजरेत तब्येत कळते. पण इथेच घोडं पेंड खातं. माणसाचं मन असं आहे की हिरवं दिसलं की थांबतं. आर वन एवढंच सांगतो की तुमचं मॉडेल आणि मोजलेला डेटा सरासरीने किती जुळतात. मॉडेल खरं आहे का हे तो सांगत नाही.

माझंच सांगते, थर्ड इयरला असताना. कॉपर क्लोराईड आणि एक पिरिडीनवाला लिगँड, हिरवट निळे सुरेख ठोकळे मिळाले, डेटा मस्त, आर वन ३.६, सगळं हिरवं. सर बाहेरगावी, मी ड्राफ्ट पण लिहायला घेतला. रात्री चित्र काढायला म्हणून ५० टक्क्यांचे एलिप्सॉइड लावले, आणि बघते तर सगळे अणू लिंबाएवढे आणि क्लोरीन सुपारीएवढा. अणू थंडीत सुद्धा थरथरतो, तो किती थरथरतो ते एलिप्सॉइडच्या आकारावरून कळतं, आणि टोकाला लटकलेला क्लोरीन तर शेजाऱ्यांपेक्षा जास्त हलायला पाहिजे, इथे तर तो भालदार-चोपदारासारखा ताठ उभा. असं कधी होतं? जेव्हा तुम्ही तिथे जेवढे इलेक्ट्रॉन आहेत असं सांगितलंय त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त असतात तेव्हा. बिचारं सॉफ्टवेअर ते जास्तीचे इलेक्ट्रॉन कोंबायला अणू आक्रसून घेतं. तांबं-क्लोरीन अंतरही जरा लांब वाटत होतं, आणि शेजारी एक क्यू पीक होतं जे मी दोन दिवस नॉईज म्हणून उडवत होते.

डोकं खाजवत बसले, शेवटी नोटबुक उघडलं. लिगँड मी हायड्रोब्रोमाइड मीठ म्हणून वापरला होता आणि न्यूट्रल करून नीट धुतला नव्हता! म्हणजे क्लोरीनच्या जागी मधेमधे ब्रोमीन बसलं होतं. दोघांना एकाच जागेवर पार्टमधे, म्हणजे वाटणी करून, टाकलं, प्रमाण रिफाइनला सोडलं, आणि साधारण १२ टक्के ब्रोमीन आलं. एलिप्सॉइड लगेच शेजाऱ्यांसारखा झाला, आर वन ३.६ चा ३.१ झाला, म्हणजे बघा, ३.६ ला पण हिरवं आणि ३.१ ला पण हिरवं, पण एक रसायन चुकीचं आणि एक बरोबर. नंतर ईडीएक्समधे, म्हणजे कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणाऱ्या तपासणीत, ब्रोमीन दिसलंच.

ह्यात मी काही जगावेगळं केलं नाही, ह्याच चुकीवर एक अख्खा सिद्धांत उभा राहिला होता. १९७० च्या दशकात मॉलिब्डेनमचं एक संयुग निळ्या आणि हिरव्या अशा दोन रूपांत सापडलं, एक्सरे स्ट्रक्चरमधे दोन्हीत अणू तेच पण मॉलिब्डेनम-ऑक्सिजन बंधाची लांबी वेगळी. मग बंध ताणल्याने वेगळं होणारं रूप अशी कल्पना निघाली, थिअरीवाल्यांनी त्यावर पेपर लिहिले. १९९० च्या सुमारास कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या जेरार्ड पार्किन यांच्या ग्रुपने दाखवून दिलं की हिरवं असं काही नाहीच, निळ्या स्फटिकात थोडं पिवळं ट्रायक्लोराईड मिसळलेलं आहे, ऑक्सिजनच्या जागी काही ठिकाणी क्लोरीन बसलाय, क्लोरीनचा बंध लांब, म्हणून सरासरी लांब दिसते. निळं अधिक पिवळं बरोबर हिरवं. बालवाडीतलं रंगकाम! आणि एवढी हुशार माणसं वीस वर्षं त्यात अडकली, कारण आकडे जुळत होते.

म्हणून मी म्हणते की ह्या सॉफ्टवेअरचं बटण ही त्याची सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे, सगळ्यात मोठी गोष्ट ही की ते तुम्हाला बघू देतं. नोटपॅडच्या काळात हा सुपारीएवढा क्लोरीन मला लिस्ट फाइलच्या चारशेव्या ओळीत एका दशांशात शोधावा लागला असता आणि मी नक्की सोडून दिला असता. इथे रेणू फिरवला आणि डोळ्यात खुपला. पण फिरवायला तर पाहिजे ना! आमच्या लॅबमधे आता नियमच आहे, ग्रुप मीटिंगला आर वन सांगायचा नाही, एलिप्सॉइडचं चित्र लावायचं आणि गप्प बसायचं, बाकीच्यांनी खोट काढायची.

नंतर चेकसिफ नावाचा दरवाजा असतोच, छापण्याआधी स्ट्रक्चर आपोआप तपासणारा. तुमची सिफ फाइल (तयार स्ट्रक्चरची सगळी माहिती असलेली) तिथे टाकली की ए बी सी जी असे अलर्ट येतात, ए म्हणजे गंभीर. त्यामागे मुख्यतः उट्रेख्टच्याच टोन स्पेक यांचा प्लॅटन प्रोग्राम आहे. पोरं ए अलर्ट आला की रडकुंडीला येतात आणि तो घालवायच्या मागे लागतात, म्हणजे बंधांवर बंधनं टाकून, एलिप्सॉइड जबरदस्तीने गोल करून. अरे अलर्ट म्हणजे शिक्षा नाहीये, प्रश्न आहे, उत्तर द्या. २००९-१० च्या सुमारास अॅक्टा ई ह्या जर्नलने निदान ७० स्ट्रक्चर मागे घ्यायचं जाहीर केलं होतं, लोकांनी एकाच खऱ्या डेटावर धातू बदलून, एखादा गट बदलून नवीन संयुगं म्हणून छापली होती. अणूचं नाव बदललं तरी त्याचा एलिप्सॉइड खोटं बोलत नाही, बंधाच्या दोन टोकांचं हलणं जुळत नाही, आणि नव्या तपासण्यांनी बरोबर तिथेच पकडलं. ती मुद्दामची लबाडी, पण प्रामाणिक चुका पण कमी नाहीत. कॅलटेकचे रिचर्ड मार्श इतरांच्या छापून आलेल्या स्ट्रक्चरमधे राहून गेलेली सिमेट्री शोधून दुरुस्त करायचे, इतक्या वेळा केलं की आमच्याकडे त्याचं क्रियापदच झालं, अमक्याचं स्ट्रक्चर मार्श झालं. आपलं मार्श होऊ नये एवढीच देवाकडे प्रार्थना.

हायड्रोजनचं एक सांगायचं राहिलं. एक्सरेला इलेक्ट्रॉन दिसतात आणि हायड्रोजनकडे एकच, तोही बंधाकडे सरकलेला, त्यामुळे नेहमीच्या रिफाइनमधे कार्बन-हायड्रोजन अंतर ०.९५ अँग्स्ट्रॉम धरतात आणि न्यूट्रॉनने मोजलं तर ते १.०८ येतं. म्हणजे आपण सगळे रोज जाणूनबुजून आखूड हायड्रोजन काढतो. ऑलेक्स२ मधे नोस्फेराटू म्हणून एक प्रकार आलाय (२०२१ चा पेपर), त्यात अणू गोल चेंडू न मानता रेणूतली खरी इलेक्ट्रॉन घनता क्वांटम केमिस्ट्रीने काढून तिच्याशी डेटा जुळवतात, आणि हायड्रोजन जवळजवळ न्यूट्रॉनच्या जागेवर जाऊन बसतात. नाव ऐकायला भुताच्या सिनेमासारखं, काम मात्र देवाचं. फक्त लॅपटॉपवर लावून झोपायला जा, सकाळी बघा. आणि डेटा एकदम चोख पाहिजे, मशीनवर पाच तासात उरकलेल्या डेटावर हे लावून काही उपयोग नाही.

डेटावरून आठवलं. एकदा आमचं मशीन बंद होतं म्हणून मी एका बाहेरच्या सरकारी पैसेवाल्या सुविधेत सॅम्पल पाठवलं, नाव घेत नाही. सात आठवडे थांबले, फोन केला की "रांग आहे मॅडम", शेवटी जे आलं ते खोलीच्या तापमानाला घेतलेलं आणि निम्मे ठिपके गायब. फॉर्मवर मी लाल पेनाने लिहिलं होतं स्फटिक हवेत कोरडा पडतो, तेलात ठेवा, थंड करा. बहुतेक कोणी वाचलं नाही. असा डेटा ऑलेक्समधे टाकला तर ते बिचारं इमानदारीने काहीतरी दाखवतं, अणू फुगलेले, सॉल्व्हंट कुठेच नाही. लोक मग सॉफ्टवेअरला शिव्या घालतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. कमांड भरपूर आणि कुठली कुठे आहे हे नवीन माणसाला सापडत नाही, माहिती आहे पण विखुरलेली, बऱ्याच गोष्टी एकमेकांकडून ऐकूनच कळतात, गुरुकुल पद्धत. एकच काम तीन ठिकाणांहून करता येतं आणि त्यामुळे कोणी काय केलं हे मागाहून शोधायला कष्ट पडतात. हिस्टरी नावाची सोय आहे, आधीच्या टप्प्यावर परत जाता येतं, ती वापरा, मी दोन वर्षं तिच्याकडे बघितलंच नाही आणि फाइलच्या कॉप्या काढत बसले, फायनल, फायनल२, खरंफायनल. अणूंना नावं देताना पण शिस्त तुमची तुम्हालाच लावावी लागते, आपोआप मिळालेल्या नंबरांवर विसंबलं तर रिंगेत सी१ नंतर सी१७. रिव्ह्यूअर ह्यावरून माणूस ओळखतात. आणि पेपरसाठी चकचकीत चित्रं काढायची असतील तर मी अजूनही मर्क्युरीकडे जाते, केंब्रिजवाल्यांचं, त्याची मोफत आवृत्ती पण पुष्कळ आहे. हायड्रोजन बाँडच्या साखळ्या, पॅकिंग बघायला ते जास्त सुटसुटीत. पण मर्क्युरी तयार झालेलं स्ट्रक्चर बघायला, घडवायला नाही, दोघांची तुलना लावू नये.

ह्याच केंब्रिजच्या क्रिस्टल स्ट्रक्चरच्या डेटाबेसमधे, जो ओल्गा केनर्ड यांनी १९६५ मधे सुरू केला आणि २०१९ मधे दहा लाखांवर गेला, माझी आत्ता अकरा स्ट्रक्चर आहेत. दहा लाखात अकरा. पण त्यातलं एक ते क्लोरीन-ब्रोमीनवालं आहे आणि त्याच्या फॉर्म्युल्यात दशांश आहे, ०.८८ आणि ०.१२, तो दशांश बघून मला बाकीच्या दहांपेक्षा जास्त आनंद होतो.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा त्या रंगीत पट्टीचा कापला, माझ्या हातात असतं तर मी एलिप्सॉइड एकदा तरी चहूबाजूंनी फिरवून बघितल्याशिवाय तो हिरवा रंग दिसूच दिला नसता. नवीन असाल तर आधी सुक्रोज, मग स्वतःचा एखादा सोपा लिगँड, धातू नंतर, डिसऑर्डर (एकच अणू दोन जागी वाटलेला असतो ते) त्याहून नंतर. शेलएक्सचं मॅन्युअल वाचा, ऑलेक्स वापरत असलात तरी वाचा, कारण बटणाखाली तेच चाललंय.

आणि हो, ती ज्युनियर. कार्बनचा नायट्रोजन केला, हायड्रोजन काढले, परत रिफाइन केलं, आर वन ३.९ चा ३.७. तिने लगेच मेसेज केला, ताई, फक्त ०.२ नेच कमी झाला.